तीन शाखा, सात दिवस आणि सकाळची सही

प्रश्न असा आहे: "काही वर्षांपूर्वी पुण्यात सीए म्हणून स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. यंदा पहिल्यांदाच एका बँकेच्या तीन शाखांचं स्टॅच्युटरी (कायद्याने बंधनकारक) ऑडिट मिळालंय. नांदेड शहर, भोकर आणि किनवट. २ एप्रिलला काम सुरू करून ८ तारखेपर्यंत तिन्ही अहवाल द्यायचे आहेत. सोबत दोन आर्टिकल्स (हाताखाली शिकणारे सीएचे विद्यार्थी) आहेत. पुण्यातल्या क्लायंटचे फोन थांबणार नाहीत. हा आठवडा निभवायचा कसा?"

आधी अभिनंदन. पहिल्या नियुक्तिपत्राचा आनंद मला अजून आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ पोटात आलेला गोळाही. मी मराठवाड्यात राहते आणि एप्रिलचा पहिला आठवडा घरी काढलेला मला आठवत नाही. तेव्हा सांगते ते अनुभवाचं आहे, आणि त्यातलं निम्मं चुकून शिकलेलं आहे.

तुम्ही आठवडा २ तारखेपासून पुढे मोजताय. तो सहीपासून मागे मोजा. माझा एकच हट्ट आहे, बाकी सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती बसतं: शाखेच्या अहवालावरची सही सकाळी करायची, झोप झाल्यावर. रात्री काम संपवा, आकडे जुळवा, अहवालाचा मसुदा छापून ठेवा. पण पेन दुसऱ्या दिवशी सकाळी उचला. तीन शाखा म्हणजे तीन सकाळी. त्या आधी कॅलेंडरवर राखून ठेवा आणि उरलेल्या वेळात प्रवास नि तपासणी बसवा.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. दहाएक वर्षांपूर्वी एका शाखेत रात्री साडेबाराला मी एमओसीवर (शाखेच्या आकड्यांत ऑडिटरने केलेल्या दुरुस्त्यांच्या यादीवर) सही केली. सकाळी झोनल ऑफिसला मेल गेलाच पाहिजे म्हणून शाखाधिकारी दोन तास समोर खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या एसटीत ऑफिस कॉपी चाळताना दिसलं की एका सबस्टँडर्ड (बुडीतच्या पहिल्या पायरीवरच्या) खात्याला सुरक्षित कर्ज धरून १५ टक्के तरतूद (बुडण्याच्या शक्यतेपोटी बाजूला ठेवायची रक्कम) लावली आहे, आणि ते कर्ज तर सुरुवातीपासूनच विनातारण होतं. २५ टक्के हवे होते. फरक फार मोठा नव्हता, पण मध्यवर्ती ऑडिटरला (सगळ्या बँकेचा हिशेब तपासणाऱ्याला) पत्र लिहून दुरुस्ती कळवताना जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. आकडा मला माहीत होता. डोळ्यांना दिसत नव्हता, एवढंच.

आता तुमच्या तीन गावांचं. नकाशा तुमच्या बाजूने आहे. भोकर आणि किनवट दोन्ही मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहेत, रस्ताही साधारण त्याच दिशेने जातो. नांदेडहून किनवट गाडीने तीन-साडेतीन तास धरा, भोकर वाटेतच. बहुतेक नवीन लोक नांदेडपासून सुरुवात करतात, कारण तिथे उतरायचं असतं. मी उलट सांगेन. लांबची शाखा आधी. किनवटला एखादा कागद राहिला तर तो मागवून घ्यायला तुमच्याकडे पाच दिवस असतात. तीच शाखा शेवटी ठेवली आणि ७ तारखेच्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या कर्जाची मूळ फाइल झोनला गेलीय असं कळलं, की संपलं. शिवाय परतीची गाडी नांदेडहून असते, तेव्हा शेवटचा दिवस स्टेशनजवळ असलेला बरा.

म्हणजे असं: ३१ मार्चला संध्याकाळी पुण्यात पनवेल-नांदेड एक्स्प्रेस पकडायची. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, पण स्टाफ आत असतो आणि शाखाधिकारी तुलनेने निवांत सापडतात. वर्षातला हा एकच दिवस असा. नांदेड शाखेत जाऊन ओळख करून घ्या, रोकड मोजा, लागणाऱ्या रिपोर्टची यादी हातात द्या आणि दोघांपैकी जो सीनियर आर्टिकल असेल त्याला किंवा तिला तिथेच ठेवा. तुम्ही दुसऱ्याला घेऊन दुपारी किनवटकडे निघा. २ आणि ३ किनवट, ४ ला सकाळी सही, दुपारपर्यंत भोकर. ६ ला सकाळी भोकरची सही, दुपारी नांदेड. ८ ला सकाळी नांदेडची सही, संध्याकाळची गाडी. तुम्ही नांदेडला पोचाल तेव्हा तिथलं व्हाउचिंग (नोंदी पावत्यांशी ताडून पाहणं), व्याजाची नमुना तपासणी आणि कर्ज फायलींचं पहिलं वाचन झालेलं असेल. शहरातली शाखा मोठी असते, तिला दोन दिवस पुरत नाहीत; पण असे तिला सात मिळतात.

मधे रविवार किंवा सुटी येणार हे गृहीत धरा. गुढीपाडवा, रामनवमी, महावीर जयंती, आंबेडकर जयंती, सगळं याच मोसमात पुढेमागे होतं, त्यात दुसरा शनिवार. सुटीच्या दिवशी शाखा उघडून द्यायला स्टाफ नाही म्हणत नाही, मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला सांगू नका. मार्चमध्येच पत्रात लिहा. किल्ल्या दोघांकडे असतात आणि त्यातला एक गावी गेलेला असतो.

मार्चबद्दल बोलायचं तर या आठवड्यातलं निम्मं काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घरी बसून होतं. आधीच्या ऑडिटरला पत्र, बँकेला एंगेजमेंट लेटर (कामाच्या अटींचं पत्र), मॅनेजमेंट रिप्रेझेंटेशनचा (शाखेने लिहून द्यायच्या निवेदनाचा) मसुदा, हे आर्टिकलकडून करून घ्या. मागच्या वर्षीचा एलएफएआर (ऑडिटरचा सविस्तर अहवाल) आणि कन्करन्ट (वर्षभर चालणाऱ्या) ऑडिटचे अहवाल मात्र स्वतः मागवा आणि स्वतः वाचा. रेल्वेत वाचायला यापेक्षा चांगलं काही नाही. मागच्या वर्षी ज्या खात्यांवर शेरा होता ती खाती तुमची पहिली यादी. आणि शाखेला रिपोर्टची मागणी आधीच पाठवा: थकीत खात्यांची यादी, एसएमए-१ आणि एसएमए-२ (थकायला लागलेली, पण अजून बुडीत न ठरलेली खाती), मुदत संपलेल्या सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) मर्यादा, स्टॉक स्टेटमेंट (कर्जदाराच्या मालसाठ्याचं विवरण) शेवटचं कधीचं ते, सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यातल्या जुन्या नोंदी, आणि २५ ते ३१ मार्चच्या कर्जखात्यांतल्या सगळ्या जमा नोंदी. ही शेवटची यादी कुणी आपण होऊन देत नाही. मागावी लागते.

तिथे पोचल्यावर वेळ कुठे घालवायचा? कर्जांवर. ठेवी, खर्च, फर्निचरचा घसारा हे सगळं तपासायचंच आहे, पण ते आर्टिकल नीट करतात. तुमचे तास थकीत खात्यांना द्या. नियम तुम्हाला पाठ असतीलच: टर्म लोनमध्ये (मुदतीच्या कर्जात) हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की एनपीए, म्हणजे बुडीत खात्यात. सीसी खातं ९० दिवस मर्यादेच्या किंवा डीपीच्या (मालसाठ्यावरून ठरणाऱ्या उचलीच्या हद्दीच्या) वर राहिलं, किंवा त्या काळात जमाच नाही, किंवा जमा व्याजालाही पुरत नाही, की एनपीए. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर त्यावर काढलेली डीपी ग्राह्य नाही. मर्यादेचं नूतनीकरण देय तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तरी एनपीए. आणि वर्गवारी खात्याची नसते, कर्जदाराची असते. घरकर्ज नियमित आणि दुकानाची सीसी बुडीत असं सोयीचं चित्र सिस्टिममध्ये दिसलं, तर दोन्ही कस्टमर आयडी एकाच माणसाचे आहेत का ते बघा. पुण्यातल्या शाखेत ही गोष्ट पॅनवरून लगेच पकडता येते. तालुक्याच्या गावी नावाच्या स्पेलिंगमुळे दोन आयडी झालेले असतात, तिथे पत्ता आणि मोबाइल नंबर कामाला येतो.

पण पुण्याहून येणाऱ्याला जे नवं असतं ते पीककर्ज. सोयाबीन, कापूस यांसारख्या कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकलं तर एनपीए; वर्षाहून लांब मुदतीच्या पिकाला एक हंगाम. हंगाम कोणता नि किती महिन्यांचा हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते, शाखाधिकाऱ्याची आठवण नाही. तो तक्ता शाखेकडून पहिल्याच दिवशी घ्या आणि टेबलावर चिकटवून ठेवा. आणि 'नवं-जुनं' हा शब्द ऐकू आला की कान टवकारा.

नवं-जुनं म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलणं. मार्चअखेर हे गावोगाव होतं आणि त्यात मुळात गैर काही नाही. वेळेत फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, तेव्हा शेतकरी कुठून तरी चार दिवसांसाठी पैसे उभे करतो आणि भरतो. प्रश्न त्या 'कुठून तरी'चा आहे. एका शाखेत ४ एप्रिलच्या रात्री नऊनंतर मी मार्चअखेरच्या जमा नोंदींची यादी पाहिली. चार पानं. सगळीकडे रक्कम आहे, तारीख आहे, खातं नियमित झालंय. ठीक, म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझा आर्टिकल, दुसऱ्या वर्षाचा मुलगा, तीच यादी एक्सेलमध्ये घेऊन नॅरेशनप्रमाणे (नोंदीपुढच्या वर्णनाप्रमाणे) सॉर्ट करून बसला होता. "मॅडम, हे बघा ना." २८ मार्चला एकाच दिवशी नऊ शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे आले होते आणि नऊही ट्रान्सफर एकाच आडत दुकानाच्या खात्यातून. मग आम्ही एप्रिलचे उतारे काढले. २ तारखेला नऊ जणांना नवं कर्ज वाटलं, ३ तारखेला नऊ रकमा आडत्याच्या खात्यात परत. मूळ रकमेपेक्षा प्रत्येकी थोड्या जास्त.

शाखाधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, नवं-जुनं आहे. सगळीकडे असंच चालतं." माणूस वाईट नव्हता, खरंच तसं चालतं. पण रिझर्व्ह बँकेचं म्हणणं स्पष्ट आहे: ताळेबंदाच्या तारखेच्या आसपास खातं नियमित झालं असेल आणि त्यात मुळातच दुबळेपणा दिसत असेल तर ते एनपीए धरायचं, नियमित कसं झालं याचा समाधानकारक पुरावा बँकेने ऑडिटरला द्यायचा. आम्ही नऊही खाती मागे जाऊन तपासली. चार खाती दोन हंगामांच्या पुढे थकलेली होती, ती एमओसीत गेली. उरलेली पाच मुदतीतच होती, त्यांना हात लावला नाही, एलएफएआरमध्ये शेरा लिहिला. नवं-जुनं दिसलं की सरसकट लाल शाई काढणारे ऑडिटरही मी पाहिलेत. तेही आळसाचंच लक्षण.

यात सांगायचं काय, तर तीच यादी, तेच नियम. मी वीस वर्षांच्या अनुभवाची जाणकार रात्री नऊला आंधळी होते आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा सकाळी दहाला डोळस. म्हणून मोठी कर्जं, मार्चअखेरच्या जमा आणि सीसी खाती ही कामं दिवसाच्या पहिल्या सत्रात करा. रात्री करायचीच असतील तर हातांची कामं करा: फॉर्म भरणं, परिशिष्टं जुळवणं, प्रमाणपत्रांवर शिक्के. डोक्याची नको.

आता फोनचं. क्लायंटना ३० मार्चच्या आत एक मेसेज टाका की १ ते ८ तारखांना तुम्ही बाहेरगावी आहात आणि रोज संध्याकाळी साडेसात ते आठ फोन घ्याल. लोक पाळतात. जे पाळत नाहीत ते एरवीही पाळत नसतात. ७ तारीख जवळ आली की निम्मे फोन "मॅडम, टीडीएस भरायचा ना?" असे असतात, मार्चच्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुदत आहे हे त्या मेसेजमध्येच लिहून टाका, फोन आपोआप कमी होतील. जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी विवरणाची) ११ तारीख मात्र डोक्यावर राहते. त्याचा डेटा ऑफिसमध्ये राहिलेल्या माणसाकडे सोपवा आणि ९ तारीख त्यासाठी मोकळी ठेवा. ९ ला दुसरं काही ठरवू नका, त्या दिवशी तुम्ही नुसत्या खुर्चीत बसलात तरी पुष्कळ.

यूडीआयएनचं (सीएने सही केलेल्या प्रत्येक अहवालासाठी ऑनलाइन काढायच्या ओळख क्रमांकाचं) एक सांगते, कारण ऐन वेळी तेच अडतं. नंबर काढताना ओटीपी मोबाइलवर येतो, आणि काही शाखांत स्ट्राँगरूमजवळच्या ज्या कोपऱ्यात ऑडिटरला टेबल देतात तिथे रेंज नसते. मी लॅपटॉप घेऊन बँकेच्या पायरीवर बसून नंबर काढलेले आहेत, शेजारी पेन्शनसाठी आलेल्या आजी चौकशी करत होत्या की बाई, तुमचंही काम झालं नाही का. सही झाल्यावर ६० दिवसांची मुदत असते, पण बँक तुम्हाला नंबर घेतल्याशिवाय सोडत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा.

राहणं-जेवण. तालुक्याच्या गावी लॉज मोजके असतात आणि त्या आठवड्यात तुमच्यासारखेच ऑडिटर आलेले असतात. मार्चमध्येच खोल्या सांगून ठेवा. आर्टिकल मुलगी असेल तर लॉज कुठला, शाखेपासून किती लांब, हे तुम्ही स्वतः फोन करून विचारा; शाखेने 'बघतो' म्हटलं त्यावर जाऊ नका. मुलीला एकटीला नांदेडला ठेवायचं असेल तर तिच्या घरच्यांशी आधी बोला. अंधार पडल्यावर किनवटचा रस्ता टाळा. जंगलाचा भाग आहे, वळणं आहेत, आणि दिवसभर आकडे पाहिलेल्या माणसाला गाडीत झोप लागते. ड्रायव्हरही दिवसभर बाहेर ताटकळलेला असतो, त्यालाही लागते. तुमचे आर्टिकल वाटेत सहस्रकुंड धबधबा बघायचा म्हणतील. एप्रिलात पाणी आटलेलं असतं, काळा कातळ बघायला तासभर मोडू नका. पावसाळ्यात घरच्यांना घेऊन या.

ऊन हा खरा शत्रू. चाळिशीच्या पुढचं तापमान, बंद एसी, आणि दिवसभर चहा. दर दोन तासांनी कुणीतरी चहा आणून ठेवतो, नाही म्हटलं तर वाईट वाटतं. मी पहिल्याच दिवशी दफ्तरीदादांना सांगते की मला ताक चालतं, चहा नको; मग आठवडाभर ताक येतं. ओआरएसची पाकिटं बॅगेत ठेवा. जेवण शक्यतो स्वतःच्या पैशाने खानावळीत करा, भाजी-भाकरी. शाखेकडून एक वेळचं जेवण घेतलं म्हणून कुणाचं स्वातंत्र्य जात नाही, पण ज्या कर्जदाराची फाइल समोर आहे त्याच्याच हॉटेलात पंगत बसली असंही मी पाहिलंय. तेव्हा विचारा, हॉटेल कुणाचं?

दबाव येईल. तो बहुधा ओरडून येत नाही, काकुळतीने येतो. "मॅडम, माझी बदली जूनमध्ये आहे, एवढं खातं राहू द्या." अशा वेळी वाद घालू नका आणि उत्तर तिथल्या तिथे देऊ नका. कागद मागा. भरणा कुठून आला त्याचा पुरावा, स्टॉक स्टेटमेंट, नूतनीकरणाचं मंजुरीपत्र. "रात्रीपर्यंत कागद आले तर सकाळी बघते." सकाळच्या सहीचा हा आणखी एक फायदा. संध्याकाळी सहाला शाखाधिकारी, तुम्ही आणि आर्टिकल सगळेच थकलेले असता, सगळ्यांना संपवायची घाई असते आणि त्या घाईत जो जास्त वेळ खुर्ची टाकून बसतो तो जिंकतो. रात्र मधे पडली की कागद तरी येतो, नाहीतर आग्रह तरी मावळतो. झोनल ऑफिसहून फोन आला तर तेच उत्तर द्या: काम पूर्ण आहे, सही सकाळी नऊला. आजवर मला कुणी यावर काही करू शकलेलं नाही. तास-दोन तास कुरकुर होते.

एखादी शाखा ठरल्या वेळेत बसलीच नाही तर? भोकरला हे होऊ शकतं, कारण तिथे तुमच्याकडे जेमतेम दोन दिवस आहेत. मग लपवू नका. ५ तारखेला दुपारीच मध्यवर्ती ऑडिटर आणि झोनला मेल करा की अमुक कागद आलेले नाहीत, ही शाखा एक दिवस पुढे जाईल. ५ तारखेच्या मेलवर कुणी चिडत नाही. तोच मेल ८ तारखेच्या रात्री गेला तर चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. कागद शेवटपर्यंत मिळालेच नाहीत तर तसा शेरा अहवालात द्यायचा. तेवढ्यासाठी भोकरमध्ये मुक्काम वाढवून नांदेडचा वेळ खाऊ नका.

राहिलं बिल. प्रवासभत्त्याच्या बिलाला तिकिटं, टॅक्सीची पावती, लॉजचं बिल असं सगळं लागतं, आणि ते आठवडाभरात बॅगेच्या तळाशी गोळा होऊन ताकाने भिजतं. रोज रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून आर्टिकलच्या ग्रुपवर टाका. बिल शाखा सोडतानाच शाखाधिकाऱ्यांच्या सहीने आत द्या. पुण्याला पोचल्यावर पाठवते म्हणालात तर ते जुलैत पास होतं. माझं एक अजून व्हायचंय.